प्लेट बसेपर्यंत

गाडीच्या आधी गाडीचा वास गॅरेजात शिरला. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की माणूस तो झोपेतही ओळखतो, आणि क्लचवाल्याचं तर अर्धं आयुष्य त्याच वासात गेलं होतं. त्यानं पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि मनाशी म्हणाला, आला. शेवटी माझ्याच दारात आला.

गाडी निळी होती, जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, मागं पंख लावलेली. आत टर्बो घातलेला. त्यामुळं इंजिनाची ताकद वाढली होती, पण ती चाकांपर्यंत न्यायला क्लच जुनाच होता. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. पोकळ बढाई मारणाऱ्या माणसासारखी गत.

गाडीतून उतरला तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे 'आलोच' म्हणत. कारण फोन केला की पलीकडून एकच उत्तर यायचं, "आलोच!" मग तो अंथरुणात असो की गावाबाहेर. शेजारच्या दुकानातला पेंटर म्हणायचा, "याला न्यायला यम आला तरी हा आलोच म्हणेल, आणि शंभर वर्षं जगेल."

"भावोजी," आलोच म्हणाला, "क्लच गेला. डोंगररस्त्याची शर्यत तोंडावर आली आणि हा असा दगा."

"क्लच जात नाही. घालवावा लागतो," क्लचवाला म्हणाला. "चालत्या गाडीत पाय पेडलवर ठेवून बसतोस तू. तुझी बहीण सांगून सांगून दमली."

बहिणीचं नाव निघालं तसा आलोचनं चेहरा पाडला. तो चेहरा पाहून क्लचवाला पेटला. बायकोला स्मशानात पोहोचवून आले त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हाच रडला होता. लोक त्यालाच सावरत होते. नवरा कोपऱ्यात उभा होता, त्याला पाणी विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

पण राग त्या रडण्याचा नव्हता. राग पार्किंगच्या जागेचा होता.

बायकोला इस्पितळात ठेवलं त्या दिवशी आलोचनं तिची पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली आणि निघताना म्हणाला, "येतो हं, ताई." आपल्यात निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतोच म्हणतात. त्या येतोला कुणी धरून बसत नाही. पण आजारी माणूस शब्द धरून बसतं. ती धरून बसली. फोन केला की तो म्हणे, "आलोच ताई, पण तिथं पार्किंगच मिळत नाही गं! दोनदा गेटवरून परत गेलो." तिच्या खाटेशेजारच्या खिडकीतून खालचं आवार दिसायचं. लाल खडी घातलेलं, कडेला पाण्याची टाकी. ती दिवसभर तिकडं बघत पडायची आणि एकदम म्हणायची, "अहो, ती बघा, टाकीजवळची गाडी निघाली. जागा झाली. जा, धरून ठेवा. त्याला फोन लावते मी."

आणि क्लचवाला खाली जायचा. रिकाम्या जागेत भर उन्हात, खुळ्यासारखा, हात पसरून उभा राहायचा. गाडीवाले शिव्या द्यायचे. आवाराचा रखवालदार एक लांब, दोन तोकड्या अशी शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचा. "ओ काका, ही माणसांची जागा नाही, गाड्यांची आहे!" हा म्हणायचा, "मेहुणा येतोय. निघालाय." वर बघितलं की खिडकीत तिचा चेहरा. ती हात हलवायची, म्हणजे थांबा अजून थोडं. हा थांबायचा. मेहुणा कधी आला नाही. असं एकदा नाही, पुष्कळ वेळा झालं. शेवटी ती खिडकीकडं बघेनाशी झाली, तेव्हा त्यानं ओळखलं की आता फार दिवस नाहीत.

त्या आवारात उभं राहून त्याच्या पायाला जे चटके बसले होते, ते त्याला आलोचला परत करायचे होते. कसे, ते मात्र सुचत नव्हतं. आज गाडी दारात आली आणि सुचलं.

"कुठला क्लच टाकू?" त्यानं विचारलं.

"टिकल्यांची प्लेट टाका," आलोच लगेच म्हणाला. "सगळे शर्यतवाले तीच टाकतात. पाय उचलला की खाडकन धरते. आणि ती मुरवावी लागत नाही."

क्लचवाल्यानं फळीवरून दोन प्लेटा काढून बाकड्यावर ठेवल्या. एक आलोचला हवी होती ती, गोल चकतीवर धातूचे सुटे तुकडे टिकल्यांसारखे बसवलेली. दुसरी जाड विणीच्या लायनिंगची, पूर्ण गोल, दिसायला साधी. पेंटर ब्रश हातात घेऊनच बघायला आला. दुसऱ्याच्या दुकानात काही चाललं की त्याच्या स्वतःच्या दुकानात रंग वाळतो.

"ही टिकल्यांची," क्लचवाला म्हणाला. "हिला मधलं काही नसतं. धरते नाहीतर सोडते. आणि तू सगळा जन्म हाफ क्लचवर काढलास. धड येणं नाही, धड न येणं नाही. सिग्नलला गाडी बेडकासारख्या उड्या मारेल तुझी."

पेंटर फिस्सकन हसला. "पंख आहेत की मागं. उडेल."

"तुम्ही रंग लावा," आलोच फणकारला. "मग ही दुसरी?"

"हिच्यावर दाबायला जास्त जोराची प्रेशर प्लेट बसवायची. तुझ्या टर्बोची सगळी ताकद पेलते. पाय उचलशील तशी मऊ धरते. शर्यत जिंकशील हिच्यावर. फक्त आधी मुरवावी लागते. नवी प्लेट आणि तिला टेकून फिरणारं नवं फ्लायव्हील, दोघांची तोंडं घासून घासून एकमेकांना जुळावी लागतात. तोवर गाडी जोरात न्यायची नाही. गावातून, गर्दीतून, थांबत थांबत. रोज."

"रोज? शर्यतीपर्यंत?"

"शर्यतीपर्यंत. नाही मुरवलीस तर चढावर चार लोकांत धूर काढशील."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हीच त्यातली गंमत. दुसऱ्या कुठल्याही क्लचवाल्यानं हीच प्लेट सांगितली असती. खोटं होतं ते पुढं आलं.

"रस्ता मी सांगतो तोच धरायचा," क्लचवाला म्हणाला. प्लेट उजेडात धरून तो तिची कड न्याहाळत होता, वर बघत नव्हता. "इथून बाजाराच्या रस्त्यानं, पुलावरून, इस्पितळापर्यंत. तिथं आवारात टाकीजवळ गाडी लावायची आणि क्लच गार होईपर्यंत थांबायचं. बोनेटवर तळहात टेकवता आला की परत फिरायचं."

आलोचचं तोंड जरा उघडं राहिलं. "इस्पितळच का?"

"चढ, उतार, सिग्नल, सगळं आहे त्या रस्त्याला. मला पाठ आहे तो."

 आलोचचे डोळे प्लेटवरून हलले नाहीत. शर्यत जिंकायची होती, म्हणून त्यानं मान डोलावली.

तो गेल्यावर पेंटर म्हणाला, "काय हो, मुरवायला गावात कुठंही फिरवली तरी चालते ना?"

"चालते."

"मग?"

क्लचवाल्यानं त्याला सगळं सांगितलं. एवढ्या वेळात मनात घोळून घोळून त्याचं वाक्यही तयार झालं होतं. शर्यतीच्या दिवशी चढाच्या पायथ्याशी आलोचचे सगळे दोस्त जमतील. तिथं गाडीच्या टपावर हात ठेवून मोठ्यानं विचारायचं, "सख्खी बहीण वाट बघत होती तेव्हा याला पार्किंग मिळालं नाही. क्लचची प्लेट मुरवायला मात्र हा रोज इस्पितळात गेला. विचारा याला, जागा मिळत होती का?"

पेंटरनं ब्रश खाली धरला. रंगाचा एक थेंब त्याच्या चपलेवर पडला. "अरे बापरे," तो म्हणाला. "हे म्हणजे साल सोलणं झालं."

"सोलायचीच आहे."

गाडी वर चढवून त्यानं गिअरबॉक्स उतरवला. जुनी प्लेट काळी ठिक्कर निघाली. नवी बसवताना मात्र त्यानं कसूर केली नाही. राग माणसावर होता, कामावर नव्हता. एकेक बोल्ट आलटून पालटून, समोरासमोरचे, सारख्या जोरानं आवळले. फक्त ट्रायलची वेळ आली तेव्हा तो अडला. आजवर क्लच बसवला की ट्रायल बायको मारायची. तिच्या पायावर त्याचा त्याच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता. ती गल्लीतून एक फेरी मारायची, काच खाली करायची आणि एकच शब्द म्हणायची, "बसली." किंवा, "नाही बसली, परत बघा." या भावालाही गाडी तिनंच शिकवली होती, गॅरेजच्या जुन्या व्हॅनवर. त्यानं व्हॅन भिंतीला घातली तेव्हा ती हसून हसून खाली बसली होती.

त्यानं ट्रायल स्वतः मारली. गाडी चांगली धरत होती. काच खाली करून तो काहीच बोलला नाही. ऐकायला होतं कोण?

मग आलोचच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्यापहिल्यांदा तो परत येताना कुरकुरत यायचा. "भावोजी, पेडल दगडासारखं जड आहे. डावा पाय लटपटतो माझा." "भावोजी, पुलावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात." "तुम्ही कसे जात होता हो या रस्त्यानं?"

"बसनं. उभ्यानं," क्लचवाला म्हणायचा, आणि त्याला बरं वाटायचं. जखमेवरची खपली काढताना वाटतं तसं बरं.

हा बिलंदर थाप मारेल अशी त्याला खात्री होती. म्हणून तो टायर बघायचा. टायरच्या खाचांत लाल खडीचे बारीक कण अडकलेले असायचे. तशी खडी गावात दुसरीकडं कुठं नव्हती. म्हणजे जात होता. आलोच, जो सगळ्या आयुष्यात कुठंच वेळेवर पोहोचला नव्हता, तो रोज इस्पितळाच्या आवारात जाऊन गाडी गार करत बसत होता. क्लचवाल्याचं वाक्य दिवसेंदिवस धारदार होत चाललं होतं.

पुढं पुढं आलोचचं कुरकुरणं थांबलं. येताना काच खाली असायची, तो गाडी दाखवून निघून जायचा. पेंटर म्हणाला, "पेडलचं बोलत नाही हल्ली. आजारी आहे का?" क्लचवाला म्हणाला, "पाय तयार झाला असेल." एवढं बोलून त्यानं तो विषय डोक्यातून काढला, कारण ठरलेल्या वाक्यात त्याला जागा नव्हती.

शर्यतीची सकाळ लख्ख उजाडली. क्लचवाल्यानं धुतलेला शर्ट घातला. पेंटरला घेऊन तो डोंगराच्या पायथ्याशी पोहोचला तेव्हा गाड्या रांगेत लागल्या होत्या. लाल, पिवळ्या, पांढऱ्या. इंजिनं गुरगुरत होती. आलोचचे दोस्त एका बाजूला घोळका करून उभे होते. निळी गाडी तेवढी नव्हती.

"येईल," पेंटर म्हणाला.

एकेक गाडी वर जाऊ लागली. एका पांढऱ्या गाडीनं निघतानाच भसकन धूर काढला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. कर्ण्यावरून आलोचचा नंबर पुकारला. पुन्हा पुकारला. दोस्त इकडंतिकडं बघू लागले. क्लचवाल्याच्या जिभेवर वाक्य येऊन बसलं होतं आणि ज्याला ते ऐकवायचं तो समोर नव्हता. उन्हात मान वर करून रस्त्याकडं बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की तो पुन्हा वाट बघतोय. त्याच माणसाची. त्याचा संताप संताप झाला.

त्यानं फोन लावला.

"कुठं आहेस?"

"आलोच, भावोजी."

पेंटरला हसू आवरेना. पण क्लचवाल्यानं फोन कानावर दाबून धरला. पलीकडं, लांब, एक शिट्टी वाजत होती. एक लांब, दोन तोकड्या. ती शिट्टी जगात एकच माणूस तशी वाजवायचा.

"चल," तो पेंटरला म्हणाला.

"शर्यत?"

"गेली खड्ड्यात."

इस्पितळाच्या गेटवर पेंटर म्हणाला, "मी इथंच थांबतो बाबा. तुमचं घरचं तुम्ही बघा." क्लचवाला एकटा आत शिरला. पायाखाली लाल खडी करकरली. टाकीजवळ निळी गाडी उभी होती. आलोच गाडीबाहेर, टाकीच्या कट्ट्यावर बसला होता. रखवालदारानं क्लचवाल्याला बघितलं आणि शिट्टी तोंडातून काढली. "अरे, काका! तुम्ही!"

क्लचवाला थेट आलोचसमोर उभा राहिला. घोळका नव्हता, कर्णा नव्हता. पण वाक्य पोटात ठेवून घरी जायची त्याची तयारी नव्हती. त्यानं ते म्हटलं. सगळं म्हटलं, अक्षर न गाळता. "...विचारतो तुला, जागा मिळत होती का?"

"रोज मिळाली, भावोजी," आलोच म्हणाला. "रोज."

क्लचवाला पुढच्या शब्दासाठी तयार होता, पण पुढं वाक्यच नव्हतं.

"आणि हे तुम्ही मला का करायला लावलंत ते मला कळलंय," आलोच म्हणाला. "दुसऱ्या गॅरेजवाल्याला विचारलं होतं मी. तो म्हणाला, गावात कुठंही फिरव. इस्पितळच कशाला?"

"मग इथं यायचं थांबवलं का नाहीस?"

आलोचनं रखवालदाराकडं बोट केलं. "यांनी सांगितलं. पहिल्या दोन-चार दिवसांतच. म्हणाले, या जागेत एक खुळा काका उभा राहायचा, हात पसरून, मेहुणा येतोय म्हणायचा. तुम्ही त्याला ओळखता का?" तो खाली खडीकडं बघत होता. "मी म्हटलं, नाही."

रखवालदार घाईनं दुसरीकडं गेला आणि कारण नसताना एका गाडीला शिट्टी मारली.

"मी गेटपर्यंतही येत नव्हतो, भावोजी. पुलावरूनच वळायचो. ताईला तसं बघवणार नाही असं वाटायचं. पार्किंगचं आपलं तोंडात आलं एकदा, मग तेच धरलं."

क्लचवाल्याला वाटलं, आता याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. त्यासाठी हात वरही आला. मग तो हात त्यानं बोनेटवर टेकवला. बोनेट केव्हाच गार झालं होतं. सकाळपासून गाडी हलली नव्हती.

"शर्यत का सोडलीस?"

"सोडली नाही. इथं एक फेरी मारून तिकडं जाणार होतो. निघायला चावी फिरवली." आलोचनं तिसऱ्या मजल्याकडं बघितलं. खिडकीत कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. "मग वाटलं, मी निघालो की वरून ही जागा रिकामी दिसेल."

 क्लचवाल्याच्या मनात एवढे दिवस जे पेटलं होतं ते विझलं असं नाही. पण ते फेकायचं कुठं, ते त्याला आता कळत नव्हतं. रडणारा माणूस समोर असता तर फेकलं असतं. आज हा रडतही नव्हता.

"माफ वगैरे करणार नाही मी," तो शेवटी म्हणाला.

"मी कुठं मागितली?" आलोच उठला. कपड्यांची धूळ झटकली, गाडीत बसला, काच खाली केली. "जातो, भावोजी."

"जातो म्हणू नये," क्लचवाला म्हणाला.

आणि जीभ चावली. ते त्याचं बोलणंच नव्हतं. गॅरेजच्या दारातून गिऱ्हाईक निघालं की बायको म्हणायची ते. भाऊ लहानपणी रुसून दप्तर घेऊन निघायचा तेव्हाही म्हणायची. इतकी वर्षं कानावर पडून पडून ते क्लचवाल्याच्या तोंडात मुरलं होतं, आणि नको त्या वेळी, नको त्या माणसाला बाहेर पडलं.

आलोचचा हात चावीवर थांबला. "मग काय म्हणू?"

"काय म्हणायचं ते म्हण," क्लचवाला तोंड फिरवून म्हणाला. "पण म्हणशील तसं कर."

आलोच काहीच म्हणाला नाही. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द न देता निघाला. गाडी सुरू झाली. पेडल खाली गेलं, गिअर पडला, पाय सावकाश वर आला आणि पुरता वर आला, पेडलवर रेंगाळला नाही. गाडी न हिसकता, न घसरता, लोण्यातून सुरी निघावी तशी खडीवरून निघाली.

क्लचवाल्याला ऐकायचं नव्हतं. पण कान ते कान. गेटपर्यंतचा सगळा आवाज त्यानं ऐकला. कुठं खोट नव्हती. आणि त्याच्या तोंडून, कुणी विचारलेलं नसताना, शब्द निघाला, "बसली."

रखवालदारानं लांबून शिट्टी मारली. "काका, बाजूला व्हा! मागं गाडी थांबलीय. का अजून कुणी यायचंय?"

तो रिकाम्या जागेच्या मधोमध उभा होता. मागची गाडी हॉर्न देत होती. त्यानं एकदा गेटकडं बघितलं, एकदा वरच्या खिडकीकडं. मग तो बाजूला झाला.

काम फार चांगलं झालं होतं. त्याचाच त्याला घरी पोहोचेपर्यंत राग येत राहिला.